वचनं गाळलेला हिवाळा

अवरेकाई बाजारात आली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. इथं सर्जापूर रोडवर, आमच्या इमारतीच्या फाटकाशी, डिसेंबर लागला की एक बाई गोणपाट पसरून शेंगांचा ढीग लावते. सून म्हणते, "आई, सोललेले दाणे घरपोच मिळतात, कशाला बोटं दुखवून घेता?" मिळतात, मिळोत बापडे. पण शेंगेच्या सालीला एक तेलकट, रानटी वास असतो, इथले लोक त्याला सोगडु म्हणतात, तो त्या डबाबंद दाण्यांना नसतो. मला दाण्यांपेक्षा वासच हवा असतो. तो नखांत बसला की मी कॉक्स टाऊनच्या घरात जाऊन पोचते, आणि तिथं काही सुख वाढून ठेवलेलं नाही हे ठाऊक असूनही दर वर्षी त्या गोणपाटापाशी वाकते. जित्याची खोड, दुसरं काय!

तेव्हा बंगळूरला थंडी होती. आता असते तिला मी थंडी म्हणत नाही. सकाळी धुकं उतरलं की समोरच्या चर्चचा मनोरा दिसेनासा व्हायचा, फक्त घंटा ऐकू यायची. पुरुष कानांना मफलर गुंडाळून दुधाच्या रांगेत उभे राहायचे. दुपारी उन्हात सूप घेऊन बसायचं, शेंगा सोलायच्या, दाणे भिजत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी एकेक दाणा चिमटीत दाबून त्याची साल काढायची. बुळुक करून दाणा बाहेर उडतो. हे काम एकट्यानं केलं तर शिक्षा, चौघांत केलं तर करमणूक. आई बेळगावची, ती याला शेवटपर्यंत पावटाच म्हणाली. "नाव बदललं म्हणून पावट्याचा काय बदाम होतो?" असं ती शेजारच्या अक्कांना तोंडावर ऐकवायची, आणि मग त्यांनाच सारूची, म्हणजे त्यांच्या आमटीची, कृती विचारायची.

बाबाही बेळगावचेच. राज्यांची नवी आखणी होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात आलं तेव्हा ते म्हणाले, "मी आधीच येऊन बसलोय, गाव माझ्या मागून आलं." ते इथल्या लूथरन मंडळीच्या प्रकाशन कचेरीत मराठी विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि छप्पर गळायला लागलं की सरकवायची एक पेटी. तमिळ आणि तेलुगू पुस्तकं हजारांनी निघायची म्हणून स्वस्त पडायची. मराठी माणसं आम्ही मूठभर, त्यामुळे आमचं सगळं महाग. पुण्याच्या नि नगरच्या छावण्यांतून पलटणींबरोबर, गोऱ्या साहेबांच्या घरांबरोबर इथं आलेल्या आया, खानसामे, बँडवाले, आणि आमच्यासारखी सीमेकडची चार घरं. रविवारी तमिळ उपासना आटोपली की त्यांनी ऊब आणून ठेवलेल्या बाकांवर आम्ही बसायचो. साहेब लोक निघून गेले होते, आणि घर रिकामं करताना मागं ठेवलेल्या सामानासारखी ही माणसं इथंच राहिली होती.

या माणसांकडे एकच पुस्तक असायचं. पातळ, तपकिरी पुठ्ठ्याची प्रश्नोत्तरी. वर धर्माविषयी प्रश्न, त्याखाली उत्तर, आणि उत्तराला आधार म्हणून पवित्र शास्त्रातलं वचन, पुरंच्या पुरं, ठळक टाइपात. अख्खं शास्त्र महाग, जाडजूड आणि मुंग्यांसारख्या अक्षरांचं. ही प्रश्नोत्तरी मात्र पानसुपारीच्या पिशवीतही मावायची. खरं सांगायचं तर लोकांना प्रश्नांशी काही घेणं नव्हतं. उत्तरंही ते एका दमात म्हणून टाकायचे. जीव होता तो खालच्या वचनांवर.

राहेलक्काचा तर एकाच वचनावर होता.

ती नगरकडची. इथं एका कर्नलच्या मुलांची आया होती, आता एका खोलीत एकटी राहायची. मूळची राहेलबाई, इथल्या पाण्यानं राहेलक्का झाली. तिचा एकुलता मुलगा, दानी, चार वर्षांचा होऊन घटसर्पानं गेला होता, ती बंगळूरला येण्याआधीच. त्याला मातीत ठेवताना तिथल्या उपदेशकानं या प्रश्नोत्तरीतून एक वचन वाचलं आणि नंतर ती प्रत तिच्याच हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. पण पान कुठलं ते ठाऊक होतं, तिथं तिनं लाल दोरा घातला होता. उपासना संपली की जो कोणी साक्षर हाताशी सापडेल त्याला ती धरायची. बहुतेक वेळा मीच सापडायचे.

"बेबी, स्वल्प वाच गं येवढं."

मी कॉलेजात जाणारी, विशीतली. मनात घरी जायची घाई. मी भराभर वाचायचे. ती डोळे मिटून ऐकायची, संपलं की पुस्तक मिटून कपाळाला लावायची आणि म्हणायची, "सरी, बरं. आता जा." एवढीच तिची उपासना. बाकी तास-दीडतास ती याची वाट पाहण्यात काढत असावी.

तर त्या प्रश्नोत्तरीच्या प्रती संपल्या होत्या, आणि नवी आवृत्ती काढायचं घाटत होतं. ती आमच्या लोकांना परवडेल अशी काढायची, असं पास्टर ज्ञानमणींचं म्हणणं. पास्टर तमिळ, मनानं मोकळे. बाबांशी कन्नडमध्ये बोलायचे. पण त्याआधी एक गाठ सुटत नव्हती. वचनं कुठल्या भाषांतरातून घ्यायची? जुन्या आवृत्तीतली वचनं कुठल्याच भाषांतरातली नव्हती. नगरकडे काही वर्षं काम करून बंद पडलेल्या एका चिमुकल्या मिशननं ती पुस्तिका पूर्वी छापली होती, आणि वचनं तिच्या कर्त्यानं आपलीआपणच मराठीत उतरवली होती. त्यात ढोबळ चुका होत्या, असं बाबा म्हणत. ज्या मंडळीत वचनापुढे दुसरं काही मोठं मानत नाहीत, तिथं चुकीचं वचन छापायचं म्हणजे विहिरीत घाण टाकण्यासारखं.

बाबांचा कौल नव्या, सुधारलेल्या भाषांतराला. ते मुळाशी ताडून पाहिलेलं आहे, म्हणून भरवशाचं. साळवे मास्तर जुन्या भाषांतराच्या बाजूचे. मास्तर बसवनगुडीला राहायचे, एका शाळेतून निवृत्त झालेले. कार्तिकात तिथं भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरली की पिशवीभर शेंगा घेऊन बस बदलत आमच्याकडे यायचे. आमच्या ओसरीवर मग एकीकडे भुईमूग, एकीकडे अवरेकाई आणि मध्ये वाद.

"ज्या शब्दांनी माझी आजी प्रार्थना करत मेली, ते शब्द म्हातारे झाले म्हणून तुम्ही काढणार?" मास्तर विचारायचे.

"आजी श्रद्धेनं गेली मास्तर, शब्दांनी नव्हे. चुकीचं औषध स्वस्त मिळालं म्हणून घ्यायचं का?"

"अहो पण गुण आला होता ना त्या औषधानं!"

"गुण असतो तो मुळात असतो."

आई दाणा चिमटीत दाबून म्हणायची, "दोघांच्याही साली जाड आहेत." ते दोघं हसायचे आणि पुन्हा सुरू. मला तेव्हा या वादाचा केवढा अभिमान वाटायचा! गरिबांच्या हातात पडणाऱ्या एवढ्याशा पुस्तकासाठी दोन विद्वान माणसं पोटतिडकीनं भांडतायत. आजही मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. ते खरोखरच पोटतिडकीनं भांडत होते, आणि तेच मला जास्त छळतं.

तोडगा बाबांनीच काढला. एका दुपारी पास्टर ज्ञानमणी खर्चाचा अंदाज घेऊन आले, तोंड उतरलेलं. वचनांसकट छापलं तर किंमत आयांच्या आवाक्याबाहेर. आणि भाषांतराचा निकाल लागत नाही तोवर छापता तर येतच नाही. बाबांनी सूप पुढ्यात ओढून मूठभर दाणे सोलले. मग म्हणाले, "वचनं गाळूया. प्रश्न आणि उत्तर राहू द्या. खाली नुसतं कुठल्या पुस्तकाचा कितवा अध्याय, कितवी ओवी, तेवढं. ज्याला हवं त्यानं शास्त्र उघडून पाहावं. जुनं उघडो की नवं."

पानं निम्म्यावर आली. किंमत निम्म्यावर आली. मास्तरांचं जुनं हरलं नाही, बाबांचं नवं हरलं नाही. पास्टर उठून बाबांना मिठी मारायला गेले, सूप लवंडलं, दाणे ओसरीभर झाले. "सरी, सरी! भरवशाचंही झालं, स्वस्तही झालं," असं ते दोनदा म्हणाले. आम्ही सगळे दाणे वेचत हसत होतो. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद असतो ना, तसा. दगड मारला की पक्षी मरतात, याचा त्या आनंदात विसर पडतो.

ज्यांच्या घरात शास्त्र आहे, फळीवर दोन-दोन भाषांतरं आहेत, त्यांनाच असं सुचू शकतं. शास्त्र घरात नाही असं ख्रिस्ती घर असतं, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. रोज ते अशा घरांत जात होते. पण कागदापुढे बसलं की माणसाच्या डोळ्यांपुढे स्वतःचंच घर येतं.

मराठी टाइपाचे खिळे इथं नव्हते, छपाई बेळगावला व्हायची. तिथल्या खिळे जुळवणाऱ्यासाठी कचेरीतली शेवटची जुनी प्रत बाबांनी घरी आणली आणि कात्रीनं कापायला घेतली. प्रश्न आणि उत्तर कोऱ्या कागदावर चिकटवायचं, त्याखाली हातानं आकडे घालायचे. खळ मी शिजवली होती. कापलेल्या वचनांच्या पट्ट्या सुपात पडत गेल्या, दाण्यांच्या ओल्या सालींवर. संध्याकाळी आईनं सगळं गोळा करून शेजारच्या गाईला घातलं. गाईनं पट्ट्याही खाल्ल्या. बाबा बघत होते, ते म्हणाले, "बरं झालं, पायदळी तरी गेल्या नाहीत."

आणि वर पास्टरांची दया. जो जुनी प्रत आणून देईल त्याला नवी नावापुरत्या किमतीत. म्हणजे गरिबाला पुस्तक परवडेल आणि चुकीची वचनंही चलनातून जातील. नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. सगळ्यांनी जुन्या प्रती आणल्या. स्वस्त म्हटल्यावर कोण मागे राहतो? राहेलक्का रांगेत होती. तिनं पुस्तकातला लाल दोरा काढून घेतला, मनगटाला गुंडाळला आणि प्रत टेबलावर ठेवली.

"दादा, त्या दानीच्या पानावरचं नव्यात बी हाय ना?"

"आहे की, राहेलबाई," बाबा म्हणाले. "आधार तोच आहे."

बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांच्या लेखी आकडा म्हणजेच वचन होतं.

जमलेल्या प्रती रद्दीत द्यायला मास्तरांनी हरकत घेतली. त्यांना एकदा जत्रेत शेंगांच्या पुडीवर देवाचं वचन सापडलं होतं, तेव्हापासून त्यांना त्याची धास्ती. म्हणून आदरानं, प्रार्थना करून, आवारातल्या वाळल्या पानांच्या ढिगाबरोबर त्या जाळल्या. सकाळची वेळ होती, गारठा होता. तमिळ उपासनेहून निघालेल्या बायका घटकाभर थांबून हात शेकत गेल्या.

पुढच्या रविवारी राहेलक्कानं मला धरलं. नवी पुस्तिका छान होती, पांढरीशुभ्र, टाचलेली. तिनं अंदाजानं पान उघडलं होतं आणि ते बरोबर निघालं. "वाच गं." मी उत्तर वाचलं. "ते न्हाई. त्याच्या खालचं." खाली होतं: योहान, आणि दोन आकडे. मी ते वाचले. ती डोळे मिटून बसून राहिली. मी पुढं काही वाचेना तेव्हा तिनं डोळे उघडले. "वाच की."

"एवढंच आहे, अक्का."

ती रागावली नाही. मला आजही वाटतं, तिनं रागवायला हवं होतं. तिनं पुस्तक माझ्याकडून घेतलं, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मग ते गेलं कुठं?"

मी बाबांना सांगितलं. ते हसत म्हणाले, "त्यात काय, शास्त्रातून वाचून दाखव." दाखवलं. नव्यातून वाचलं, तिनं मान हलवली. जुन्यातून वाचलं, तिनं पुन्हा हलवली. "ग्वाड हाय. पर ह्ये माझ्या लेकराला वाचल्यालं न्हवं." ऐकलं की तिला ते ओळखू यायचं, स्वतःहून म्हणता येत नव्हतं.

तेव्हा कुठं बाबांचा चेहरा बदलला. ते शोधायला लागले. कचेरीतली प्रत गाईच्या पोटात. बेळगावच्या छापखान्यानं चिकटवलेली पानं काम झाल्यावर फेकून दिली होती; ती असती तरी काय, त्यांत प्रश्नच होते. नगरला विचारलं, ते मिशन कोणाला आठवेना, तो उपदेशक केव्हाच वारला होता. मग त्यांनी मला विचारलं, "तू तर दर रविवारी वाचत होतीस!" वाचत होते. त्या वाक्याच्या मध्यावर एक थांबा होता, तिथं श्वास घ्यावा लागायचा, एवढं मला आठवत होतं. शब्द नाहीत. पाण्याचा हंडा रोज डोक्यावरून आणणारीला हंड्याचं वजन आठवतं, पाणी नाही.

आणि विद्वानांचं तर त्याहून वाईट. बाबांना त्या वचनातल्या चुका आठवत होत्या. मास्तरांनाही. या ठिकाणी क्रियापद चुकीचं होतं, तो शब्द मुळात नव्हताच, सगळं बिनचूक सांगत होते. एक दुपारभर दोघं ओसरीवर बसून चुकांवरून वाक्य परत उभं करायचा प्रयत्न करत होते. पहिल्यांदाच त्यांचं एकमत होत होतं. पण चुका जोडून वाक्य होत नाही. आई आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

परवा नातवानं मला त्याच्या फोनवर दाखवलं. योहान आणि ते दोन आकडे दाबले की भाषांतरंच भाषांतरं, मराठीतसुद्धा किती तरी, आणि फुकट. पै लागत नाही. बाबांनी आणि पास्टरांनी ज्यासाठी जिवाचं रान केलं ते सगळं माझ्या नातवाच्या तळहातावर होतं. मी एकेक उघडून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सगळी भरवशाची. "काय शोधतेस, आज्जी?" त्यानं विचारलं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी सांगितलं, "काही नाही रे." खरं तर त्याला वाचता आलं असतं तरी मी दुसरं काय सांगणार होते!

त्या हिवाळ्यात जानेवारीअखेर राहेलक्का आजारी पडली. छातीत कफ, अंगात ताप. आम्ही गेलो तेव्हा ती साहेबाच्या घरून मिळालेल्या वेताच्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. आडवं झालं की श्वास कोंडायचा. मनगटाला दोरा होता. बाबा आणि मास्तर तिच्यासमोर ट्रंकेवर शेजारी शेजारी बसले आणि त्यांनी जुळवलेलं वाक्य बाबांनी म्हटलं. मुद्दाम चुका ठेवून. आयुष्यभर एक मात्रा चुकली तर छपाईला चढलेला फर्मा थांबवणारा माणूस एका आयाला चुकीचं वचन ऐकवत होता.

राहेलक्कानं डोळे मिटून ऐकलं. "जवळ आलं," ती म्हणाली. बाबांनी एक शब्द फिरवून पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनं हात वर केला. "ऱ्हाऊ द्या, दादा. आता ह्येबी ध्यानात ऱ्हाईल आन् ते समदंच जाईल."

बाबा तिथंच रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

ती गेली तेव्हा शेंगा स्वस्त झाल्या होत्या. हंगाम संपत आला की त्या जून होतात, दाण्यावर साल घट्ट धरते, कोणी फारशा घेत नाही. दफनाला आमची सगळी मंडळी आली. एवढी माणसं नाताळलाही नव्हती. पास्टर ज्ञानमणींना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून बाबांनी वाचायचं होतं. ते पुढे आले, त्यांनी नवी पुस्तिका उघडली, मरणानंतरच्या आशेचा, दानीच्या पानावरचा तो प्रश्न वाचला, आणि सगळ्यांनी आपापल्या पुस्तिकेतून उत्तर म्हटलं. मग बाबा थांबले. खाली आकडे होते. त्यांच्या काखेत शास्त्र होतं, पण ते त्यांनी उघडलं नाही. उघडून तरी तिचं वचन कुठं मिळणार? त्यांनी मान वर करून लोकांकडे पाहिलं, आणि लोकांना वाटलं की आता आपण म्हणायचं.

आणि ते म्हणू लागले. ज्याला जे येत होतं ते. मास्तर जुन्यातलं, मी नव्यातलं, खानसामे आणि आया आणि म्हातारा बँडवाला कुठलं कुठलं, कोणी पुढे, कोणी मागे, कोणी मध्येच अडकून पुन्हा पहिल्यापासून. एका शब्दाला दुसरा लागेना. मी माझं म्हणायचं थांबवलं. कारण त्या गर्दीत, डावीकडे कुठंतरी, एक आवाज मला वाटलं की त्या जागी थांबला, जिथं तिच्या वचनात श्वास घ्यावा लागायचा. मी वळले. सगळ्यांचे ओठ हलत होते. मी कान दिला, पण तेवढ्यात सगळे मिळून आमेन म्हणाले आणि माती लोटायला सुरुवात झाली.

नंतर मी एकेकाला विचारलं. ज्यानं त्यानं मला आपापलं वचन म्हणून दाखवलं. तिचं कोणाच्याच तोंडी नव्हतं.